ज्यूरीचं समन्स आणि गाडीचं लॉक

सप्रेम नमस्कार. न्यू जर्सीत येऊन वीसेक वर्षं झाली, नागरिकत्व मागच्या वर्षी घेतलं. गेल्या महिन्यात रात्री मुलाला आणायला स्टेशनवर गेले होते. तो गाडीत बसून बेल्ट लावत होता, एवढ्यात हूड घातलेला एक उंच ब्लॅक तरुण आमच्या दिशेने आला. माझं बोट बटणावर कधी गेलं ते मलाच कळलं नाही; चारही दारं खाटकन लॉक झाली. आवाज त्यालाही गेला. तो जरासा थबकला, आमच्याकडे बघायचं टाळून शेजारच्या गाडीत बसला आणि निघून गेला. मुलगा म्हणाला, "आई, आत्ताच दोन गोरे पोरगे याच बाजूने गेले, तेव्हा नाही लॉक केलंस." मग वाद झाला, तो मला रेसिस्ट म्हणाला, आणि घरी आल्यावर त्याने कॉम्प्युटरवर नकळतचे पूर्वग्रह मोजणारी एक टेस्ट द्यायला लावली. निकाल आला: गोऱ्यांकडे मध्यम स्वरूपाचा कल. अहो, या देशात मलाच कितीदा वेगळी वागणूक मिळालीय, मग मी कशी असेन तशी? त्यात आता काउंटी कोर्टाचं ज्यूरीचं समन्स आलंय. तिथे म्हणे नकळतच्या पूर्वग्रहांवर व्हिडिओ दाखवतात आणि जज विचारतात, निःपक्षपाती राहू शकाल का? जे माझं मलाच दिसत नाही त्याची शपथ कशी घेऊ? आमचे हे म्हणतात, "टेस्टचा निकाल सांग आणि सुटून ये." काय करू?
– एक वाचक, न्यू जर्सी

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुमच्या मुलाचं आहे. "आत्ताच दोन गोरे पोरगे गेले, तेव्हा नाही लॉक केलंस." त्यानंतर तो जे बोलला ते रागाचं होतं, आणि टेस्ट तर त्याहून कच्ची. पण या एका वाक्यात त्याने दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवले. पार्किंग तेच, वेळ तीच, गाडीत तुम्हीच. बदलला तो फक्त समोरच्याचा रंग, आणि बोट हललं. "माझ्या मनात तसं काही नव्हतं" हे तुमचं म्हणणं मी पूर्ण खरं मानते. त्या अर्ध्या सेकंदात मनाला कुणी विचारलंच नव्हतं.

टेस्टचं आधी उरकून टाकू. १९९८ साली अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. पडद्यावर एकेक चेहरा नाहीतर शब्द येतो आणि आपण डाव्या-उजव्या बोटाने दोन कळा दाबत त्यांची वाटणी करत जातो. काळा चेहरा आणि 'वाईट' शब्द एकाच कळेवर असताना बोट किती झरझर चालतं, आणि काळा चेहरा व 'चांगला' शब्द एका कळेवर आले की किती अडखळतं, याचा हिशेब मिलिसेकंदांत होतो. हजारो-लाखो लोकांचे निकाल एकत्र केले की त्यातून समाजाबद्दल काहीतरी कळतं. एकट्या माणसाबद्दल फार थोडं. तोच माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा बसला तर निकाल बदलू शकतो, आणि निकालावरून तो माणूस प्रत्यक्षात कसा वागेल हे जेमतेमच सांगता येतं. ही टेस्ट चालवणारे संशोधकसुद्धा तिच्यावरून एकेका व्यक्तीचं निदान करू नका असंच सांगतात. रक्ताचा रिपोर्ट वाईट यावा तशा तुम्ही हादरलात, तर तो कागद तेवढ्या लायकीचा नाही. आणि जजसमोर तो दाखवून सुटका मागणं म्हणजे शुद्ध पळवाट आहे. त्याबद्दल पुढे बोलतेच.

मग खरं मोजायचं कसं? तुमच्या मुलाने मोजलं तसंच. २००४ साली मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लयनाथन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. बॉस्टन आणि शिकागोच्या वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले होते. शिक्षण, अनुभव सारख्या तोलाचे, फरक नावात. काहींवर एमिली, ग्रेग, तर काहींवर लकीशा, जमाल. एमिली-ग्रेगना साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणं आलं, लकीशा-जमालना पंधरांमागे एक. आता त्यातल्या कुठल्याही एका ऑफिसात जाऊन विचारलं असतं, की बाई, या जमालला का नाही बोलावलंत, तर उत्तर तयार असतं. अर्ज खूप आले होते, दुसरा जास्त योग्य वाटला. ते उत्तर खोटं असतं असंही नाही. एकच अर्ज, एकच ऑफिस, एकच दिवस एवढंच पाहिलं तर त्यात पूर्वग्रह सापडतच नाही. तो सापडतो ढीग शेजारी ठेवल्यावर.

रस्त्यावरचं उदाहरण मला याहून आवडतं, कारण त्यात युक्ती मोठी सुरेख आहे. पोलिसांनी गाडी थांबवली की कारण नेहमीच असतं: मागचा दिवा गेलाय, लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही. ब्लॅक चालकांना जास्त थांबवतात असं म्हटलं की उत्तर येतं, ते त्या रस्त्यांवर जास्त असतील, जास्त जोरात चालवत असतील. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी देशभरातल्या सुमारे साडेनऊ कोटी थांब्यांच्या नोंदी गोळा केल्या आणि २०२० साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी बघितलं काय, तर संध्याकाळचे सात. उन्हाळ्यात सात वाजता लख्ख उजेड असतो, हिवाळ्यात काळोख. घड्याळ तेच असल्यामुळे रस्त्यावरची माणसंही साधारण तीच, कामावरून घरी परतणारी. फरक एवढाच, की अंधारात चालकाचा चेहरा दिसत नाही. आणि अंधार पडला, की थांबवलेल्यांमधलं ब्लॅक चालकांचं प्रमाण खाली येत होतं. एकाही पोलिसाच्या मनात डोकावायची गरज पडली नाही. सूर्याने काम केलं.

तेव्हा "मी रेसिस्ट आहे का?" हा प्रश्न तुम्ही सोडून द्या. त्याला हो म्हटलं तर माणूस रडत बसतो, नाही म्हटलं तर हात झटकून मोकळा होतो. दोन्हींमुळे पार्किंगमधल्या त्या मुलाला काडीचा फरक पडत नाही. विचारायचं ते एवढंच: याच जागी दुसरा कुणी असता तर मी हेच केलं असतं का? आणि शक्य असेल तिथे त्या अर्ध्या सेकंदावर काही सोपवायचंच नाही. गाडीचंच बघा ना. रात्री एकट्या बाईने दारं लॉक करणं यात गैर काहीच नाही. गैर आहे ते माणूस बघून करणं. गाडीत बसल्या बसल्या लॉक, रोज, कुणी असो वा नसो. बहुतेक गाड्यांत तसं सेटिंगच असतं. मन सुधारेल तेव्हा सुधारेल, बोटाला आधी नियम द्या.

शेजाऱ्यांसाठीच्या नेक्स्टडोअर अ‍ॅपने असंच काहीसं केलं. "गल्लीत एक संशयास्पद ब्लॅक माणूस फिरतोय" अशा पोस्टींवरून ओकलंडमध्ये बरीच ओरड झाली, तेव्हा २०१६ साली त्यांनी फॉर्मच बदलला. आधी लिहा, तो माणूस करतोय काय. रंग लिहायचा असेल तर कपडे, बूट, केस असं आणखीही काही लिहा. नुसता रंग चालणार नाही. अशा पोस्टी ७५ टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं. लोकांची मनं महिन्याभरात निर्मळ झाली असं कुणी समजू नये. टाइप करताना अडलं, एवढंच. तुमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असला मेसेज आला तर तुम्हीही एवढंच विचारा: "काय करत होता तो?" बऱ्याचदा पुढे उत्तरच येत नाही.

आता तुमचं दुसरं म्हणणं. मलाच भोगावं लागलंय, मग मी कशी असेन तशी? ताई, भोगलेला माणूस आपोआप न्यायी होत असता तर जग केव्हाच सुधारलं असतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसनमध्ये घडलेलं आठवतंय? नातवासाठी भारतातून आलेले एक गुजराती आजोबा, वय ५७, सकाळी मुलाच्या घराजवळ फेरफटका मारत होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला, एक बारीकसा ब्लॅक माणूस घरांकडे बघत फिरतोय. पोलिस आले. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. एका पोलिसाने त्यांचे हात मागे धरून त्यांना तोंडावर जमिनीवर आपटलं. मानेच्या मणक्याला मार बसून अंगाचा काही भाग लुळा पडला. सगळं पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं. त्या पोलिसावर फेडरल खटला चालला, ज्यूरीचं दोनदा एकमत झालं नाही, आणि जानेवारी २०१६ मध्ये जजनी त्याला निर्दोष ठरवलं. त्या वेळी आपल्या लोकांत मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य होतं, "पण ते तर इंडियन होते!" म्हणजे खरोखर ब्लॅक असते तर? आपल्याला राग आला तो चुकीच्या खात्यात नाव घातल्याचा. ते खातंच का ठेवलंय, याचा राग आलेले मला फार थोडे भेटले.

हे आजचंही नाही. १९२३ सालची गोष्ट सांगते. तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व गोऱ्यांना मिळे, किंवा आफ्रिकी वंशाच्या लोकांना. पंजाबातून आलेले, अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंड यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. युक्तिवाद काय? गोरेपणाची ही अट अन्यायाची आहे, असा नव्हे. आम्ही आर्य आहोत, उच्चवर्णीय आहोत, म्हणजे आम्हीही गोरेच, असा. लेखी युक्तिवादात तर असंही म्हटलं होतं, की लग्नाच्या बाबतीत अमेरिकन माणूस निग्रोकडे ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या आदिवासींकडे बघतो. कोर्टाने ऐकून घेतलं आणि सांगितलं, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो त्यात तुम्ही बसत नाही. निकालानंतर कितीतरी भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. खुद्द पंडितांवरही खटला झाला, ते लढले म्हणून त्यांचं टिकलं. भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं ते १९४६ च्या कायद्याने. आणि तुमच्या-माझ्यासारखे इथे येऊ शकले ते १९६५ च्या कायद्यामुळे, जो ब्लॅक लोकांच्या हक्कांच्या चळवळीने देश ढवळून काढला त्याच काळात झाला. आपल्या वधू-वर जाहिरातींतला 'वर्ण गोरा' सामानातून इथवर आलाच आहे, तेव्हा हा आजार फक्त अमेरिकन हवेतून लागला असंही म्हणायला नको.

आता कोर्ट. "जे दिसत नाही त्याची शपथ कशी घेऊ" हा तुमचा प्रश्न साधा नाही. कायदाच त्यावर अनेक वर्षं अडखळतोय. कायद्याला लागतो हेतू आणि लागतो एक खटला, एक आरोपी, एक दिवस. नकळतच्या पूर्वग्रहात हेतू नसतो आणि एका खटल्यात तो दिसत नाही. मृत्युदंड झालेल्या वॉरन मॅक्लेस्की या ब्लॅक माणसाच्या १९८७ च्या खटल्यात हे अगदी उघडं पडलं. जॉर्जियातल्या दोन हजारांहून अधिक खुनांच्या प्रकरणांचा डेव्हिड बाल्डस आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता: बळी ब्लॅकऐवजी गोरा असेल तर आरोपीला फाशी होण्याची शक्यता ४.३ पट. सर्वोच्च न्यायालयाने आकडे खरे धरले तरी पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की तुझ्याच खटल्यात, तुझ्याच ज्यूरीने रंगावरून ठरवलं हे दाखव. ते कोण कसं दाखवणार? वॉरन मॅक्लेस्कीला १९९१ मध्ये मृत्युदंड दिला गेला. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवृत्तीनंतर आपल्या चरित्रकाराला सांगितलं, की एखादं मत बदलता आलं असतं तर याच खटल्यातलं बदललं असतं.

ज्यूरी निवडताना तेच. वकिलांना काही जणांना कारण न देता वगळता येतं. १९८६ च्या बॅटसन निकालाने रंगावरून वगळायला बंदी केली, पण रंगाशी संबंध नसलेलं कुठलंही कारण पुढे केलं की भागत होतं. डोळ्याला डोळा देत नव्हता, बसायची ढब आवडली नाही, असली कारणं. २०१६ मध्ये जॉर्जियातलंच एक जुनं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं, तेव्हा सरकारी वकिलांच्या यादीत ब्लॅक ज्यूरर्सची नावं हिरव्या रंगाने रंगवलेली आणि शेजारी 'बी' लिहिलेलं सापडलं. एवढा ढळढळीत पुरावा कोण मागे ठेवतो! बहुतेक वेळा यादी स्वच्छच असते, कधी कधी वकिलाचं मनसुद्धा स्वच्छ असतं, आणि तरी बाकावरचे ब्लॅक लोक एकेक करून घरी जातात.

तुमच्या राज्याने इथे एक पाऊल पुढे टाकलंय. २०२१ च्या अँडुहार खटल्यात सरकारी वकिलांना नुअर्कचा एक ब्लॅक ज्यूरर नको होता. जजनी त्याला वगळायला नकार दिल्यावर त्यांनी गुपचूप त्याची पोलिस नोंद तपासली. त्याची एकट्याची. एक जुनं वॉरंट निघालं, त्याला अटक झाली आणि तो ज्यूरीतून गेला. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची शिक्षा रद्द केली आणि म्हटलं, पूर्वग्रह नकळत असला तरी तो पूर्वग्रहच. २०२२ पासून राज्यात नवा नियम आहे: वगळणाऱ्याच्या मनात काय होतं ते शोधत बसायचं नाही, सगळी परिस्थिती ठाऊक असलेल्या समंजस माणसाला त्यात भेदभाव दिसेल का, एवढंच बघायचं. अ‍ॅरिझोनाने तर त्याच वर्षापासून विनाकारण वगळण्याची सोयच काढून टाकली. मला तो उपाय जास्त पटतो, वकील मंडळी काहीही म्हणोत.

तेव्हा तुम्ही जा. "टेस्टचा निकाल सांग आणि सुटून ये" हा सल्ला कामाचा दिवस वाचवण्याचा आहे, प्रामाणिकपणाचा नाही, आणि हे तुमच्या घरी तुम्हीही ओळखलं असेलच. शंका आलेली माणसं घरी गेली, तर बारा खुर्च्यांवर उरणार कोण? ज्यांना स्वतःबद्दल कधी शंकाच आली नाही ते. जज जे विचारतील त्याचं सरळ उत्तर द्या. एखाद्या विशिष्ट खटल्यात, उदाहरणार्थ तुमच्यावर पूर्वी जसा प्रसंग ओढवला तशाच गुन्ह्यात, आपल्याला खरोखर जमणार नाही असं वाटलं तर तेही सांगा. चारचौघांत नको असेल तर जजच्या बाकाजवळ जाऊन बाजूला बोलता येतं. मन कोऱ्या पाटीसारखं आहे अशी शपथ तुमच्याकडून कुणी घेत नाही. पुरावा आणि कायदा यांवर निर्णय देईन, एवढंच वचन द्यायचंय. ते तुम्ही देऊ शकता.

आणि निवड झाली तर? सगळ्यात जास्त सावध राहा ती ओळख पटवण्याच्या साक्षीबद्दल. हे तुमच्या शेजारचंच आहे. १९९२ मध्ये न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्सच्या एका गोऱ्या विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. पोलिसांनी तिला बरेच फोटो दाखवले; त्यांत मॅकिन्ले क्रोमेडी या ब्लॅक माणसाचाही होता. तिने तो ओळखला नाही. जवळजवळ आठ महिन्यांनी रस्त्यात तो दिसला, आणि तिची खात्री पटली की हाच. त्याच्याविरुद्ध खरा पुरावा तिची ही ओळखच, आणि ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं. ती खोटं बोलत नव्हती. जिवाच्या आकांताने खरं तेच सांगत होती. पण माणसाला आपल्या वंशाचे चेहरे जितके नीट ओळखता येतात तितके दुसऱ्या वंशाचे येत नाहीत, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे, आणि यात हेतूचा काही संबंध नाही. ज्यूरीला हे सांगा, अशी बचाव पक्षाची मागणी होती. ती नाकारली गेली. १९९९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी शिक्षा रद्द केली. मग डीएनए तपासला गेला आणि त्याच वर्षी क्रोमेडी निर्दोष ठरून सुटला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं सभ्यपणे, कुणाच्याही मनात पाप नसताना घडतं. २०११ च्या एका निकालानुसार न्यू जर्सीत साक्षीदार आणि आरोपी वेगळ्या वंशाचे असतील आणि ओळखीचा मुद्दा असेल, तर जजनी ज्यूरीला ही सूचना द्यायची असते. ती वाचली जाईल तेव्हा बाकीचे घड्याळाकडे बघत असतील. तुम्ही ऐका.

खोलीत चर्चेला बसल्यावर तुमच्या मुलाचीच युक्ती वापरा. "तो उद्धट वाटला", "त्याच्या डोळ्यांत पश्चात्ताप दिसला नाही", असं कुणी म्हणालं, किंवा तुमच्याच मनात आलं, की आरोपी आणि साक्षीदार यांच्या जागा मनातल्या मनात बदला. हाच मुलगा तुमच्या ओळखीतल्या जोशी-कुलकर्ण्यांचा असता तर 'उद्धट' म्हणाला असतात की 'घाबरलाय बिचारा'? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत! बदलून बघितल्यावरही मत तेच राहिलं तर बेधडक त्या मताने जा. समोरचा ब्लॅक आहे म्हणून पुराव्याकडे कानाडोळा करून सोडून देणं, हेही काम नाही तुमचं.

आणि बोला. उच्चाराची लाज वाटते म्हणून आपल्या बायका अशा ठिकाणी मान डोलावत बसतात. तसं करू नका. सॅम्युअल सॉमर्स या मानसशास्त्रज्ञाचा २००६ चा एक प्रयोग आहे, नकली ज्यूरींचा. काहींत सगळे गोरे, काहींत गोरे आणि ब्लॅक मिसळलेले. मिश्र ज्यूरींनी चर्चा जास्त वेळ केली, खटल्यातले तपशील जास्त काढले आणि चुका कमी केल्या. गंमत म्हणजे त्यातले गोरे सभासदच एरवीपेक्षा जास्त काळजीपूर्वक बोलत होते. म्हणजे तुमचं तिथे नुसतं असणंसुद्धा बाकीच्यांना जरा नीट बसायला लावतं.

कुणी उघडच म्हणालं, की "हे लोक असेच असतात", तर? तिथेच, सगळ्यांसमोर म्हणा, की आपण या माणसाबद्दल बोलतोय, लोकांबद्दल नाही. थांबलं नाही तर कागदावर लिहून कोर्टाच्या अधिकाऱ्यामार्फत जजकडे चिठ्ठी पाठवा. ती सोय असतेच. खटला संपेपर्यंत थांबू नका. कोलोरॅडोतल्या एका खटल्यात एक ज्यूरर म्हणाला होता, आरोपी मेक्सिकन आहे म्हणजे त्यानेच केलं असणार. दोन ज्यूरर्सनी ते निकालानंतर वकिलाला सांगितलं, आणि मग प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं, कारण ज्यूरीच्या खोलीतलं बोलणं बाहेर काढून निकाल मोडता येत नाही असा जुना नियम होता. २०१७ मध्ये कोर्टाने उघड वांशिक द्वेषापुरता त्या नियमाला अपवाद केला. पण उघड बोललं गेलं तरच. मनात राहिलेल्याला अजून बहुतेक कोर्टांत दाद नाही, म्हणून जागा बदलून बघण्याचं काम तुमच्यावरच येतं.

मुलाबद्दल थोडंसं. तो बरोबर होता आणि उद्धटही होता. दोन्ही एकाच वेळी असता येतं, विशेषतः कॉलेजात असताना. त्याला सांगा, की तुझं पहिलं वाक्य मी घेतलं, शिवी परत घे. आणि त्यालाही एकदा विचारा, की लायब्ररीत, जिममध्ये, प्रोजेक्टसाठी गट निवडताना तो कुणाशेजारी जाऊन बसतो. खटल्याला निवडल्या गेलात तर मात्र तुमच्यात काही दिवस शांतता राहील: खटला चालू असेपर्यंत त्याविषयी घरी एक शब्द बोलायला मनाई असते, नवऱ्याशीही आणि मुलाशीही. तो किती का टोचेना, निकाल लागेपर्यंत त्याला थांबवून ठेवा.